उखर्डू नानांची फेरी

केळीची बाग कापायला टोळी येते, तेव्हा मालकाला पहिला राग येतो तो तिच्या चालण्याचा. ट्रक बांधावर उभा असतो, व्यापाऱ्याचा फोन वाजत असतो, ऊन चढत असतं, आणि ही माणसं विळे कमरेला तसेच ठेवून बागेत नुसती हिंडतात. एका ओळीतून आत, दुसरीतून बाहेर. कुणी तंबाखू मळतंय, कुणी काल हळदीच्या जेवणातून कोण रुसून उठलं ते सांगतंय. बागेबद्दल अक्षर नाही. माझा धाकटा भाऊ अमृत दरवर्षी यावर चिडायचा. "गुरुजी," तो म्हणायचा (सगळं गाव म्हणतं म्हणून सख्खा भाऊही मला गुरुजीच म्हणतो), "यांना मी कापायला बोलावलंय का फिरायला?"

या हिंडण्याला टोळीत फेरी म्हणत. आमच्या चोपडा तालुक्यातल्या सगळ्या टोळ्या ती करत नाहीत. ही पद्धत उखर्डू नानांच्या टोळीची. ती कुणी सुरू केली हे नानांनाही सांगता यायचं नाही. ते मिसरूड फुटल्यावर टोळीत आले तेव्हा ती होतीच.

नानांच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली होती. म्हणून आईनं तिसऱ्याला जन्मल्या जन्मल्या उकिरड्यावर ठेवून परत उचललं आणि नाव उखर्डू ठेवलं, म्हणजे कुणाची नजर लागायला नको. नजर लागली नाही. कष्टांनी मात्र त्यांना बरोबर शोधून काढलं. उंच माणूस, पण उजवीकडे झुकलेला. आयुष्यभर डाव्या खांद्यावर घड वाहिले, त्याचा तो झोक. प्रश्नाला सरळ उत्तर देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "नाना, आज पाऊस येईल का?" असं विचारलं की ते आधी आभाळाकडे, मग विचारणाऱ्याकडे पाहत आणि म्हणत, "तुले काय वाटस?" पुष्कळांना हा चावटपणा वाटे. तो नव्हता. त्यांना खरंच समोरच्याला काय वाटतं ते हवं असे.

नाना टोळीचे मुकादम होते, पण त्या शब्दावर जाऊ नये. मालकाशी आणि व्यापाऱ्याशी बोलायला एक तोंड लागतं, ते नानांचं होतं, एवढंच. बागेत ते हुकूम देत नसत. ते बहुतेक रांगेच्या शेवटी असत आणि दिवसाचा शेवटचा घड स्वतः वाहत. कापायला खाज्या. हा सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरचा, कमी बोलणारा. घड कापताना झाडाच्या खोडाला आधी तळहात लावायचा, जसं गुराला लावतात. त्याची बायको सोनीबाई ट्रकमध्ये केळीची पानं अंथरायची, म्हणजे घडाला घड लागून माल काळा पडायला नको. आणि वाहणाऱ्यांत जीवराम, ज्याचा कुणी ना कुणी नातेवाईक जिल्ह्यातल्या प्रत्येक धंद्यात होता आणि ज्याचं तोंड फक्त घड खांद्यावर असतानाच बंद असे. बाकीचे सात-आठ जण असेच, कुणी गावातले, कुणी पाड्यावरचे.

फेरी संपली की काम आपोआप सुरू होई. मी बांधावर बसून कितीदा पाहिलं आहे. खाज्या मधूनच एखादी ओळ सोडून पुढे जाई, आणि वाहणारे न विचारता तिकडे वळत. कुणी दमला की तो काही न बोलता पानांचे देठ छाटायला बसे, आणि देठ छाटणारा उठून खांद्यावर गोणपाटाची घडी टाके. एकदा मी नानांना विचारलं, हे ठरतं कसं? ते विचारात पडले. "ठरत नही, गुरुजी," म्हणाले. "फेरीमा बठ्ठासनी बठ्ठं देखेल ऱ्हास ना." सगळ्यांनी सगळं पाहिलेलं असतं. मला तेव्हा हे उत्तर अपुरं वाटलं होतं.

दोन वर्षांपूर्वी नानांचा गुडघा गेला. एकदम नाही, आधी उतारावर दुखायचा, मग सपाटीवर, मग खाटेवरही. जळगावच्या डॉक्टरनं वजन उचलायचं नाही असं सांगितलं. घडाचं वजन उचलायचं नाही तर टोळीत करायचं काय, हे डॉक्टरनं सांगितलं नाही. नाना तरीही जात राहिले. शेवटचा घड जीवराम वाहायला लागला, आणि नाना रिकाम्या खांद्यानं त्याच्यामागून चालत. त्या रिकाम्या खांद्याची त्यांना लाज वाटत असे. मी त्यांना खांद्यावर उगीच घडी टाकून हिंडताना पाहिलं आहे.

त्याच सुमारास परदेशी केळी पाठवणारी एक कंपनी आमच्या भागात आली. माल धुऊन, पेट्यांत भरून, थंड गाडीतून बंदरावर जाई. कंपनीनं नानांची टोळी हंगामभरासाठी बांधून घेतली. तिचा इथला माणूस भूषण, धुळ्याचा, शेतकीची पदवी घेतलेला. चांगला मुलगा. नानांशी उभ्यानं बोलायचा नाही. आधी त्यांना बसायला खुर्ची द्यायचा. तो म्हणाला, "नाना, वरच्या ऑफिसला जबाबदार असं एक माणूस लागतं. सगळ्यांचं मिळून चालत नाही त्यांना. तुम्ही सुपरवायझर व्हा. उचलायचं काही नाही. सांगायचं फक्त."

उचलायचं काही नाही, हे ऐकल्यावर नानांनी "तुला काय वाटतं" असं विचारलं नाही. हो म्हणाले. यशोदाबाईंनी, त्यांच्या बायकोनं, त्या दिवशी देवापुढे नारळ फोडला. मलाही बरंच वाटलं होतं.

कंपनीनं त्यांना पिवळी टोपी दिली. पहिल्या दिवशी ती घालून ते टेम्पोत चढले तेव्हा जीवराम म्हणाला, "टोपी झकास शे, नाना. पाऊस उना तं आमलेबी लेजो तिना खाले." सगळे हसले, नानाही हसले. घरी यशोदाबाई म्हणाल्या, "आते साहेबनी हंडा उचलाना का मीच उचलू?" तेही हसण्यावारी गेलं.

कंपनीच्या नियमात फेरी बसत नव्हती. एवढी माणसं मजुरी घेऊन चालतात, हे वर कुणाला समजावणार? भूषणनं तोडगा काढला. आदल्या संध्याकाळी नानांनी एकट्यानं बाग पाहायची, कापायच्या घडांना लाल फीत बांधायची, आणि सकाळी टोळीनं फीत पाहून सरळ कामाला लागायचं. "फेरी बंद नाही, नाना," तो म्हणाला, "फेरी तुम्ही करताय." यात खोटं काही नव्हतं, म्हणून कुणाला काही बोलता आलं नाही.

मग नाना संध्याकाळी एकटे बागेत दिसू लागले. हातात फितींची गुंडाळी, पाय ओढत, ओळीमागून ओळ. मी एकदा बरोबर गेलो होतो. ते प्रत्येक घडापाशी थांबत आणि पूर्वीच्या सवयीनं बाजूला मान वळवत, जणू कुणाचा तरी आवाज येणार आहे. बाजूला मी. मला केळीतलं काय कळतं? ते फीत बांधून पुढे जात.

सुरुवातीला काम जोरात झालं. पण हळूहळू एक गोष्ट बदलली, आणि ती कुणाच्या दुष्टपणानं नाही. टोळी विचारू लागली.

"नाना, ही ओळ आधी का ती?"

"नाना, आठे चिखल शे. फिरीसन जाऊ का?"

"नाना, या घडले फीत नही, पन तयार दिसस. कापू का ऱ्हाऊ देऊ?"

पहिल्यांदा नानांनी सवयीनं म्हटलं, "तुले काय वाटस?" त्यावर जीवराम म्हणाला, "माले काय वाटानं, नाना? टोपी तुनी डोकावर शे." तो चेष्टेनंच बोलला होता. पण त्यानंतर नाना उत्तरं द्यायला लागले. दिवसभर उत्तरं. घडांपेक्षा ते जड होतं असं त्यांनीच मला नंतर सांगितलं. घड ट्रकपर्यंत नेला की खांदा मोकळा होतो. उत्तर दिलं की ते बरोबर निघेपर्यंत डोक्यावरच राहतं. संध्याकाळी घरी आले की यशोदाबाई "भाजी कोणती करू" म्हणाल्या तरी ते चिडत. आयुष्यात न चिडलेला माणूस.

आणि दमलेला माणूस आता आपण होऊन हलक्या कामाला बसत नसे. तो नानांकडे पाही. नानांचं लक्ष दुसरीकडे असलं की तो तसाच वाहत राही.

शिमग्यानंतर गावाच्या पश्चिमेची एक बाग कापायची होती. बागेच्या कडेला, बांधाच्या पलीकडे, वीटभट्टी. नानांनी आदल्या दिवशी दिवेलागणीला फिती बांधल्या. घडांवर निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या होत्या, परदेशी मालाला घालतात तशा. सकाळी खाज्यानं कापलं, जीवराम आणि मंडळींनी वाहिलं, सोनीबाई आणि बायकांनी पिशव्या काढून माल धुतला, पेट्या भरल्या. दुपारच्या आत गाडी भरून गेली. भूषण खूश होता. इतकं लवकर कधी झालं नव्हतं.

काही दिवसांनी तो नानांच्या घरी आला. मीही तिथेच होतो. त्यानं मोबाइलमधला फोटो दाखवला. बंदरावर उघडलेल्या पेट्या. आतली केळी पिवळीधमक, एकही डाग नाही. यशोदाबाई वाकून पाहून म्हणाल्या, "कितल्या भारी पिकन्यात." आणि नानांनी फोटोवरून नजर काढून घेतली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. परदेशी जाणारं केळ हिरवं पोचावं लागतं. थोडी पिकायला लागलेली फळं पेट्यांत गेली, त्यांनी शेजारची पिकवली, त्यांनी पुढची, आणि सगळा माल बंदरावरूनच परत फिरला.

"वर विचारतायत, नाना," भूषण म्हणाला. त्याचाही चेहरा उतरलेला होता. "कुणाचं चुकलं म्हणून."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या टपरीवर, टेम्पो यायच्या आधी, नानांनी टोळीला विचारलं. रागानं नाही. ते इतके थकलेले होते की राग यायला जोर लागतो तोही नव्हता. म्हणाले, "त्या भट्टीकडनी ओळमा काय व्हतं? कोनी देखं का काही?"

मग खाज्या, जो कधी बोलत नाही, तो बोलला. "वास उन्था," म्हणाला. "गोड वास. कापताना."

"मंग सांगा नही?"

खाज्यानं त्यांच्याकडे पाहिलं. "फीत व्हती ना."

सोनीबाई म्हणाली, तिनं पिशवी काढली तेव्हा दोन-तीन फण्यांच्या टोकांना पिवळसर झाक वाटली होती. तिला वाटलं प्लास्टिकच्या निळ्यातून एकदम उजेडात आल्यानं डोळ्यांना तसं दिसतंय. "आनि नानानी देखेल व्हई ना," ती म्हणाली. "मी कसाले मधमा बोलू?"

जीवराम ग्लास हातात फिरवत होता. त्याचा साडू त्या भट्टीवर कामाला. भट्टी आठ-दहा दिवसांपासून पेटलेली आहे हे जीवरामला माहीत होतं. भट्टीच्या धगीनं, धुरानं कडेची फळं आधी पिकायला लागतात हेही त्यानं एकदा कुठेतरी पाहिलं होतं. "माले वाटनं तुले ठाऊक व्हई, नाना," तो म्हणाला. या वेळी चेष्टा नव्हती. "तूच तं फिरना व्हता ना बागमा."

एकाकडे धग होती, एकाकडे वास, एकीकडे रंग. पूर्वी फेरीत जीवराम साडूची निंदा करता करता भट्टी पेटल्याचं बोललाच असता, खाज्या नाक वर करून थांबला असता, सोनीबाईनं एखादी पिशवी उगीच वर करून पाहिली असती, आणि खाज्या ती ओळ सोडून पुढे गेला असता. कुणी कुणाला काही न सांगता. नानांनी त्या टपरीवर बसून हे सगळं मनातल्या मनात जोडलं असावं, कारण ते म्हणाले, "माले एकलाले काहीच ठाऊक नव्हतं." आणि पुन्हा, जरा वेळानं, "आधीबी नव्हतं."

मी शाळेत चाळीसेक वर्षं काढली. एखाद्या मुलाला मॉनिटर केलं की बाकीचा वर्ग फळ्याकडे न पाहता त्याच्याकडे पाहू लागतो, हे मला माहीत असायला हवं होतं. त्या सकाळी ते समजलं.

नानांनी भूषणला जाऊन सगळं सांगितलं आणि फेरी मागितली. पूर्वीसारखी, सगळ्यांची. भूषणला पटलं. त्यानं वर कळवलं, मनापासून कळवलं, हे मला ठाऊक आहे. त्यानं लिहिलेलं मला वाचून दाखवलं होतं. आठवड्याभरानं उत्तर आलं. आता दोन सुपरवायझर नेमायचे, एक बागेत, एक धुण्याच्या टाकीपाशी. फीत बांधलेल्या प्रत्येक घडाचा फोटो काढून पाठवायचा. ऑफिसातून होकार आल्याशिवाय कापायचं नाही.

"वरून आलंय, नाना," भूषण म्हणाला. "मी काय करू, सांगा."

"तू काय करशी, भाऊ," नाना म्हणाले, आणि टोपी त्याच्या मोटारसायकलच्या हँडलला अडकवली. ती व्यवस्थित बसावी म्हणून दोनदा सरळ केली. भूषण ती काढून पुन्हा त्यांच्या हातात द्यायला लागला, तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. गुडघा तसाबी दुखसच."

टोळीनं कंपनी सोडली. हे कुणी ठरवलं ते मला सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी टेम्पो कंपनीच्या शेडकडे वळलाच नाही, एवढं खरं. पुन्हा गावातले व्यापारी, पुन्हा ट्रक आणि पानं. काम कमी झालं. कंपनीनं दुसरी टोळी आणली. तिचं काय चाललंय मला माहीत नाही, आणि भूषणची बदली झाली.

नाना घरी बसले. वाहता येत नाही आणि सांगायचं नाही, मग जायचं कशाला? ते ओट्यावर खाट टाकून रस्त्याकडे पाठ करून पडत. टेम्पो रोज सकाळी त्यांच्या दारासमोर थांबायचा. हॉर्न नाही, हाक नाही. एवढी वर्षं थांबायचा तसा थांबायचा, इंजिन धडधडत असायचं, आणि मग जायचा. असे किती दिवस गेले कुणास ठाऊक. मी समोरच राहतो. मला त्या धडधडण्याची सवय झाली होती.

एका सकाळी यशोदाबाई अंगण झाडता झाडता म्हणाल्या, "टेम्पो रोज थांबस. तुमले ऐकू येत नही का?"

"मी जाईसन काय करू?"

"घर तरी काय करी ऱ्हायनात?"

टेम्पोमधून जीवराम म्हणाला, "अक्का, त्यासले नको आनू. बठ्ठी जागा त्यासनाच पायले लागस." पण त्यानं मागच्या फळकुटावरची विळ्यांची पिशवी उचलून मांडीवर घेतली होती.

नाना उठले. चढताना त्यांना वेळ लागला.

ते त्या दिवशी अमृतच्याच बागेत आले, म्हणून पुढचं मला सांगता येतं. आधी फेरी झाली. मग खाज्या विळा काढून एका ओळीत गेला, बाकीचे त्याच्यामागे पांगले, आणि नाना बांधावर एकटे उरले. खांद्यावर घडी नव्हती. कुणी त्यांना काही काम सांगितलं नाही, सांगायची त्यांच्यात रीतच नव्हती. मी हाक मारून त्यांना माझ्याजवळ बसवणार होतो. तेवढ्यात ते ट्रकपाशी गेले, जिथे सोनीबाई खाली बसून पानांचे देठ छाटत होती. पानं छाटणं बायकांचं किंवा दमलेल्यांचं काम. नाना तिथे थोडा वेळ उभे राहिले. सोनीबाईनं वर पाहिलं नाही. पानांचा ढीग तिनं डाव्या हातानं जरा इकडे ओढला आणि स्वतः तेवढीच सरकली. नाना दुखरा पाय लांब करून तिच्याशेजारी बसले आणि त्यांनी एक पान उचललं.

अजून ते तेच करतात. गुडघा बरा होणार नाही. संध्याकाळी त्यांची बोटं केळीच्या चिकानं काळी झालेली असतात आणि यशोदाबाई ती रॉकेलनं पुसून देतात. पाऊस येईल का म्हणून विचारलं तर ते पुन्हा विचारणाऱ्याकडे पाहायला लागले आहेत.

परवा टोळी पुन्हा अमृतकडे होती. सगळे बागेत शिरले. नाना मधोमध, पाय ओढत. त्यांच्या पुढचे हळू, मागचे हळू, जीवराम साडूबद्दल काहीतरी सांगतोय. ट्रकवाला दोनदा हॉर्न वाजवून थकला. अमृत माझ्याजवळ येऊन बसला.

"गुरुजी," तो म्हणाला, "यांची फेरी पहिल्यापेक्षा लांबलीय."

मी बागेकडे पाहिलं. आतून अजून कुणी बाहेर आलं नव्हतं.